दोन प्यादी देऊन

आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर होते. मी गणिताची, त्यांच्याहून बरीच लहान. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये आम्ही बुद्धिबळ मांडायचो. पांढरं माझ्याकडं आलं की मी डॅनिश गँबिट खेळायचे. त्यात वजिराच्या बाजूची प्यादी एकामागून एक पुढं करून समोरच्याला खाऊ द्यायची. हिशेबात दोन प्यादी कमी पडतात, पण दोन्ही उंट मोकळे होऊन त्यांचा रोख काळ्या राजाच्या बाजूकडं लागतो. बहुतेकजण त्यात सापडायचे. सर मात्र पहिलं प्यादं खाऊन थांबायचे. फुकटचं इतकं कुणी देत नाही, म्हणायचे.

ते रिटायर झाले आणि पुढं शुगरनं त्यांची नजर गेली. खुलताबादला मी त्यांच्या घरी गेले. त्यांनीच बुद्धिबळाचा विषय काढला. अंधांसाठीचा पट मागवला होता. प्रत्येक घराला भोक, काळी घरं किंचित उंच, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक टोक.

"तुमचा तो गँबिट खरा आहे का नुसतीच दहशत, ते एकदा बघून टाकू, मॅडम," ते म्हणाले. "आता वेळच वेळ आहे."

कॉम्प्युटरला विचारायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली.

त्या हिवाळ्यात मी रविवारी सकाळी घाट चढून त्यांच्याकडं जाऊ लागले. सरांच्या पत्नी, भाभी, ओसरीवर उन्हात सतरंजी टाकून द्यायच्या. सर काळ्याकडून खेळायचे. मी चाल बोलले की त्यांची बोटं पटावरून एकदा हलकेच फिरायची आणि मांडीवर येऊन थांबायची. पुढचा विचार पटाला हात न लावता चालायचा.

सुरुवातीला दोन्ही प्यादी खाऊन ती राखायचा प्रयत्न आम्ही हर तऱ्हेनं करून पाहिला. दर वेळी काळ्याची कोंडी झाली. माझा गँबिट खराच आहे असं मला वाटायला लागलं होतं.

मग एका रविवारी दुसरं प्यादं खाल्ल्यावर सरांची बोटं मांडीवरच राहिली. भाभींनी ठेवलेला चहा निवून गेला. शेवटी त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, थेट माझ्या उंटाच्या तोंडात. मी ते खाल्लं. त्यांनी घोडा काढला. मी त्याच उंटानं राजाशेजारचं प्यादं मारून शह दिला. राजानं उंट खाल्ला, आणि त्यांचा वजीर उघडा पडला. माझ्या वजिरानं तो घेतला. सरांची गफलत झाली असं वाटून मला बोलायलाही संकोच होत होता.

त्यांनी पटाकडं हात नेला नाही. "उंट बाहेर. शह," एवढंच म्हणाले.

मी पटाकडं पाहिलं. उंट पुढं येऊन राजाला शह देत होता, आणि तो हटल्यामुळं मागच्या हत्तीची वाट थेट माझ्या वजिरापर्यंत मोकळी झाली होती. वजीर शहाच्या आड घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो गेला, त्यांचा उंटही गेला. मोजून पाहिलं तर दोघांकडं सगळं सारखं.

"प्यादी धरून बसलो तर मरतो," सर म्हणाले. "वेळेवर परत केली तर बरोबरी. तुमचा गँबिट खोटा नाय, मॅडम. पण त्यात जीत लिहिलेली नाय."

हे सगळं त्यांना दिसलं कसं, असं मी विचारलं. पट दिसत नाही, ते म्हणाले. कोण कुणावर टपून बसलंय, तेवढं जाणवतं.

निघताना त्यांची परवानगी घेऊन घरी मी ते कॉम्प्युटरवर तपासलं. त्याचाही कौल बरोबरीचाच होता. मला मात्र स्क्रीनचं काहीच वाटलं नाही. डोळ्यांसमोर मांडीवर स्थिर पडलेली ती बोटं होती.

पुढं शहरात प्राध्यापकांच्या स्पर्धेत मी तोच गँबिट खेळले. समोरच्या बाईंनी नेमकं तेच प्यादं परत दिलं आणि डाव बरोबरीत सुटला. संध्याकाळी सरांना फोनवर एकेक चाल सांगत गेले. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, शेवटी घोडा कडेला न्यायचा नव्हता, मधे आणला असता तर तुमचं एक प्यादं पार पोचून वजीर झालं असतं.

मी फोन ठेवला, सोंगट्या मांडल्या आणि घोडा मधे आणून बघितला. प्यादं खरंच पार पोचत होतं.