गुरम्माचा गुन्हा

चन्नवीर वकिलांच्या मते चोर ओळखायला चोरी व्हावीच लागत नाही. कुणा युरोपीय पंडिताचं पुस्तक त्यांनी मागवलं होतं, आणि त्यातल्या चित्रांशी सोलापुरातली कपाळं ताडून पाहायचा त्यांना नाद लागला होता. सात रस्त्याजवळ राहत्या घरातच त्यांची कचेरी. टेबलावर पट्टी, दोरा आणि डोकी मोजायचा एक लोखंडी चिमटा. असल्या माणसाला वसाहतीचा मानद सल्लागार नेमलं होतं. सरकारला अशी माणसं बरोबर सापडतात.

वसाहत म्हणजे गावाबाहेरची तारेच्या कुंपणातली वस्ती. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार, असं कायद्यानेच ठरवून टाकलेलं. त्यांना तिथे ठेवायचं, गिरणीत कामाला धाडायचं, सकाळ-संध्याकाळ हजेरी घ्यायची. गुरम्मा तिथली. तिची माणसं अक्कलकोटकडची, टोपल्या विणत फिरणारी. ही गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. उंच, हाडापेराने मजबूत, तोंडाने फटकळ. मी तिथल्या बायकांना अक्षरं शिकवायला जात असे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बाई, वाचाया आलं की दार उघडत्यात का?"

"नाही."

"मग बसते नुसती. हितं बसाया तरी मिळतंय."

तिची लेक भीमा वैरागला दिलेली, एका हमालाच्या घरात. सासू नाही, नणंद नाही. पहिलं मूल अडून पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले तसा निरोप आला: आईला धाडा. जायला पास हवा, आणि तो द्यायचा की नाही हे चन्नवीर वकील डोकं मोजून सांगणार!

मी गुरम्माबरोबर गेले. वकिलांनी तिचं कपाळ मोजलं, कान ओढून पाहिले, मग हातावरचं गोंदण दिसताच त्यांचा चेहरा खुलला.

"पाहा बाई, अंग गोंदवून घेणं हे गुन्हेगारी वृत्तीचं पक्कं लक्षण. पुस्तकात स्पष्ट दिलंय."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, आत्ता तुमच्या आईंनी पाणी आणून दिलं. त्यांचा हात तर कोपरापर्यंत गोंदलेला आहे."

"तो आमचा कुलाचार."

"आन् माजा काय वं?" गुरम्मा म्हणाली.

"तुझी ती प्रवृत्ती."

"अय्यो! गोंदणारीनं तुमच्या आईला येगळी सुई आणली व्हती का, आप्पा?"

आप्पा चिडले. पास नामंजूर. वर शेरा मारला: 'ही बाई बाहेर सोडल्यास गुन्हा करील.' मी वसाहतीच्या साहेबाशी जाऊन भांडले. तो खांदे पाडून म्हणाला, शास्त्रापुढे माझं काय चालणार? शास्त्र म्हणे!

दोन दिवसांनी गुरम्मा गिरणीतून सुटली ती परतलीच नाही. एका गाडीवाल्याच्या पाया पडून कडब्यात बसली आणि वैराग गाठलं. भीमाचं मूल पायाळू होतं. सुईण हात टेकून बसलेली. गुरम्माने पदर खोचला. मुलगी झाली. आई-लेक दोघी जगल्या.

शिपाई दारात उभा राहिला तेव्हा ती पायांवर नात घेऊन न्हाऊ घालत होती.

"थांब की रं," ती म्हणाली, "पोरीच्या डोळ्यात पानी जाईल."

शिपाई थांबला. त्याने कसलंच शास्त्र वाचलेलं नव्हतं.

विनापास पळाली म्हणून तिला तीन महिन्यांची कैद झाली. त्याच महिन्यात वाचनालयात वकिलांचं व्याख्यान. 'गुरम्मा गुन्हा करील हे माझं भाकीत तंतोतंत खरं ठरलं,' त्यांनी सांगितलं. शहाण्या सोलापूरकरांनी टाळ्या पिटल्या. मी उठून विचारलं, तिने चोरलं काय? अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि वकिलांना हार घातला.

तुरुंगात भेटायला गेले तेव्हा ही हकिगत मी गुरम्माला रागारागाने सांगितली. ती मात्र पोट धरून हसली.

"खरं हाय की त्यांचं. भीमानं परत बोलावलं तर परत करीन."

मग विचारलं, "पोरगी दूध पितीया न्हवं?"