फवारणीचं निमित्त

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. आईला सांगायचं ठरवलं होतं, पण ती गेली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ज्यांना सांगायला हवं त्यांच्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही.

पण आधी भरिताचं सांगू द्या. थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरीत पार्टी. गॅसवर भाजलेल्याला आम्ही भरीत मानतच नाही. हिरवी-पांढरी थोराड वांगी, त्यांना तेलाचा हात, खाली कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ. मग लाकडी उखळीत ठेचायची. ते काम जितूचं. जितू म्हणजे माझा बालमित्र, चाळीसगावच्या अलीकडच्या आमच्या गावातला. मुसळ एकदा हातात घेतलं की दुसऱ्याला शिवू द्यायचा नाही. "पुणेकर, तू फक्त खा," म्हणायचा मला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, ठसका लागेल अशी मिरची... काय दिवस होते ते. अजूनही तसला धूर कुठे नाकाला लागला की मी रस्त्यात थांबतो.

हे मी लांबण लावतोय, कळतंय मला.

तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. थंडीच्या सुट्टीत घरी येताना खिशात दोन गुलाबी गोळ्या होत्या. होस्टेलवर पोरं घ्यायची. मीही एकदा घेतली होती आणि मला काही झालं नव्हतं. तेवढ्यावर मला वाटलं, आपल्याला सगळं कळतं. असल्या गोळीत काय काय कालवलेलं असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं — पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का? मला शहरातलं शहाणपण मिरवायचं होतं. पार्टीच्या दिवशी शेतातच मी जितूपुढे एक धरली. तो नको म्हणत होता. मी म्हणालो, "घाबरट कुठला." त्यानं हसून गोळी तोंडात टाकली. माझी मी नंतर घेणार होतो.

वांगी भाजून झाली आणि जितूनं मुसळ उचललं. मग थांबला. गरम होतंय म्हणाला — त्या थंडीत. अंग तव्यासारखं तापलं, दात आवळले गेले, हातपाय झटके खायला लागले. शेजारच्या वावरातल्याच्या गाडीत घालून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. मागून त्याचे वडील आले, नाना. डॉक्टरांनी मला विचारलं, "यानं काही घेतलं होतं का?"

त्या सकाळी नानांनी जितूला हरभऱ्यावर फवारणी करायला पाठवलं होतं. शर्टाला औषधाचा वास येत होता. कापसाच्या मुलखात पोरगं शेतातून बेशुद्ध आणलं, की पहिला संशय कशाचा येतो? मला खोटं रचावंसुद्धा लागलं नाही. मी म्हणालो, "सकाळी फवारणी केली त्यानं." दुसरी गोळी माझ्या खिशात होती. डॉक्टर फवारणीच्या विषावरचे उपचार करत राहिले, आणि मी भिंतीला टेकून ते बघत राहिलो.

जितू वाचला. वाचला म्हणजे — ओट्यावर बसतो. हात थरथरतात, बोलता बोलता शब्द सुटून जातात. मला बघून हसतो. त्याला त्या दिवसातलं काही आठवत नाही म्हणतात. मी कधी विचारून पाहिलं नाही. भीती वाटते.

आणि नाना? "मीच त्याले फवाराले धाडं. तोंडले फडकं बी नही बांधाले लावं." इतकी वर्षं हेच. त्यांनी पुन्हा पंपाला हात लावला नाही. गावात कुणी फवारणीला निघालं की आडवे जातात, स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडाला फडकं बांधतात. अख्खं गाव त्या औषधाला घाबरून असतं. गोळ्यांचा विषय निघाला तर पारावरचे म्हणतात, ती पुण्या-मुंबईची थेरं, आपल्याकडे तसलं काही नाही. गावी गेलो की मी तिथेच बसलेला असतो. मान हलवतो.

दर थंडीत नाना पहिली वांगी मला धुळ्याला, माझ्या घरी आणून देतात. "तू व्हता म्हनीसन मन्हा पोऱ्या वाचना," म्हणतात. पोरगा माझ्यामुळे वाचला, असं ते मानतात. यंदाही आले. माझा मुलगा यंदाच पुण्याला शिकायला गेलाय, सुट्टी संपवून परत निघायला बॅग भरत होता. त्यानं पाया पडल्यावर नानांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "वावरमा जाशी तव्हय तोंडले फडकं बांधजो, बेटा."

मुलगा हसून हो म्हणाला. त्याला फवारणीचं काय? त्याला कशापासून जपायला हवं ते त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. दोघंही माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी नानांच्या हातातली पिशवी घेतली. संध्याकाळी गॅसवर वांगी भाजली. भरीत केलं, आणि खाल्लं.