ज्याला वाईट सांगता येतं

ऐकताना नाना डोळे मिटून घेत आणि दर दोन वाक्यांनी म्हणत, "बरं, मंग?" आमच्या प्रेझेंटेशनची हवा या एका प्रश्नाने किती वेळा काढली, सांगता येत नाही. बाजारपेठ अमुक मोठी आहे. "मंग?" असं तंत्रज्ञान दुसऱ्या कुणाकडे नाही. "मंग?" शेवटी मी थकून म्हणायचे, "मग काही नाही नाना, चहा घ्या." तेव्हा कुठे डोळे उघडायचे.

पिंप्राळ्यात ते आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहायचे. मूळचे धुळ्याच्या देवपूरचे, म्हणून बोलणं ठेठ अहिराणी. आयुष्यभर केळीचे ट्रक चालवले, मग ते विकून स्वस्थ बसले, मुलं सुरतेला. तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेलच, ज्याला कुणी सल्ला विचारत नाही आणि तो दिल्याशिवाय राहत नाही.

माझी मैत्रीण आणि मी, आम्ही गावातल्या गावात केळी पिकवायच्या छोट्या शीतखोल्या बनवत होतो. पहिली पहूरला बसवली होती. पैसे मात्र संपत आले होते. गुंतवणूकदार मिळाला नाही तर कंपनी गुंडाळायची आणि पुण्यात नोकरी शोधायची, असं दोघींच्या घरी परस्पर ठरूनही गेलं होतं. मी गुंतवणूकदार कसा निवडावा यावरचे झाडून सगळे व्हिडिओ पाहिले. त्याने आधी कुठे पैसे लावले, हिस्सा किती मागतो, किती वर्षं थांबतो, सगळं तोंडपाठ.

आणि देवाने धाडल्यासारखे पुण्याचे एक साहेब आले. सगळ्या परीक्षांत पास.

"त्याले भरीत खावाले आन," नानांनी फर्मान काढलं.

थंडीचे दिवस होते. नानांच्या मित्राच्या मळ्यात कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली. मिरच्या अशा जहाल, की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"तिखट लागलं का?" साहेबांनी आपुलकीने विचारलं.

"छे! धूर गेला डोळ्यात."

मग त्यांनी पहूरच्या खोलीचं विचारलं. "एकदम मस्त चाललीय," मी म्हणाले. आदल्याच दिवशी कॉम्प्रेसर बंद पडून तिथली सगळी केळी काळी पडली होती, आणि हे नानांना ठाऊक होतं.

परतताना नाना माझ्या स्कूटरवर मागे बसले होते.

"धूर कोठे व्हता वं? आग तं कवयच इझी गयी व्हती."

मी स्कूटरचा वेग वाढवला.

"मानूस वाईट नही शे तो. पन त्याना मोहरे तू दोनदाव खोटं बोलनी. ज्याले वाईट सांगता येस, त्यानाच पैसा ले."

मला संताप आला. कंपनी माझी बुडत होती, म्हाताऱ्याचं काय जात होतं? त्याच रागात मी साहेबांना फोन लावला आणि पहूरचं सगळं सांगून टाकलं. ते अजिबात चिडले नाहीत. उलट गोड आवाजात म्हणाले, "पहूर आत्ता कागदावर दाखवूच नका. पैसे आले की बघू."

मैत्रिणीला ते पटलं. मला पटेना. ज्याच्याशी ओळख होताच लपवाछपवी सुरू, त्याच्यासोबत पुढची वर्षं काढायची कशी? या भांडणात आमचं बोलणं बंद झालं. शेवटी तीच एका सकाळी येऊन म्हणाली, "मलाही झोप लागेना. कळव त्यांना, नको म्हणून."

पुढचे महिने फार ओढगस्तीचे गेले. मग धुळ्यात तेलगिरणी चालवणाऱ्या एक बाई भेटल्या. मी लॅपटॉप उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "सध्या काय बिघडलंय?" मी भरपूर रडगाणं गायलं. त्यांनी आपल्या गिरणीचं त्याला जोडलं. दोघींना हलकं वाटलं. त्यांनी पैसे बेताचेच दिले, हिस्साही बेताचाच घेतला. आज पहूरची खोली नीट चालते, आणखी काही गावांत झाल्या आहेत. पेपरात आमचे फोटो येत नाहीत, पण झोप छान लागते.

नानांच्या घराला आता कुलूप असतं. गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ते हट्टाने माझ्याबरोबर पहूरला आले. खोलीत हिंडले, पिवळ्याधमक घडांवरून हात फिरवला. बाहेर ओट्यावर बसून एक केळं सोललं आणि अर्धं खाऊन झाल्यावर म्हणाले, "डॉक्टरनी सांगेल शे. आते जास्त दिन नहीत."

"मुलांना कळवलंत?"

"पोरेसले सांगेल नही. त्या नुसता कल्ला करतीन. तुले सांगता उनं."

हा माणूस मला किती प्रिय आहे, ते त्या क्षणापर्यंत मलाच ठाऊक नव्हतं.

"भ्याव वाटस का?" त्यांनी विचारलं, जसं काही दुखणं माझंच होतं.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "हो नाना," मी म्हणाले, "खूप."

"माले बी," ते म्हणाले, आणि उरलेलं अर्धं केळं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.