तोरणाखाली बसलेला कबऱ्या

हं, तर काल तुम्ही जेवायला उठून गेलात तेव्हा बैल बसलेला होता. तुम्ही जेवलात, झोपलात, ताजेतवाने होऊन आलात. बैल मात्र अजून तिथंच आहे! गावाच्या वेशीत, तोरणाच्या अगदी खाली, शिंगांना हिंगूळ, पाठीवर आरशांची झूल, आणि पुढचे गुडघे मोडून असा निवांत की जणू हा पोळा त्याच्या बसण्यासाठीच भरवलाय. मागे अख्ख्या गावाची जनावरं खोळंबलेली, पुढं गल्ली रिकामी, आणि मध्ये कासरा धरून घामाघूम लोटननाना.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. शिरपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या पुढचे दिवस. गावात ट्रॅक्टर एकच, बाकी सगळी शेती बैलांच्या मानेवर. आणि बैल घ्यायचा म्हटला की लोटननानाला बाजारात नेल्याशिवाय कुणाचं पान हलायचं नाही. नाना दात बघणार, खूर बघणार, शेपटीचा गोंडा हातात धरून डोळे मिटणार, मग उपरण्याखाली विकणाऱ्याची बोटं दाबून भाव ठरवणार. एकदा नानाचं बोट दाबलं गेलं की दोन्हीकडची माणसं गप्प. दुसरा मान पोळ्याचा. वेशीतलं तोरण ओलांडायची पहिली जोडी नानाच्या घरची, आजोबाच्या आजोबापासून.

त्या उन्हाळ्यात नानाच्या जोडीतला सोन्या म्हातारा झाला म्हणून खुंट्याला राहिला, आणि त्याच्या जागी मोत्याच्या जोडीला नानानं बाजारातून कबऱ्या आणला. काय जनावर! छाती रुंद, कातडी अशी की माशी घसरावी. बैल घेताना थोडे दिवस गाडीला जुंपून बघायची मुदत मागतात. नाना दुसऱ्यांना हटकून मागायला लावायचा. स्वतःसाठी मात्र म्हणाला, "मले कसानी मुदत?" आणि उपरण्याखाली बोट दाबून मोकळा.

बैल दारात आला. भिकुबाई, नानाची बायको, बोलायला कमी. तिनं खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा पुढे केला. तेवढ्यात ओट्यावरून पितळी झाकण घरंगळत खाली आलं. खणखणखण! मोत्या दचकून मागे सरला. कबऱ्या दचकला नाही. त्यानं गुडघे दुमडायला घेतले आणि आवाज थांबला तसा पुन्हा उभा राहिला. नाना तेव्हा पाठमोरा, शेजाऱ्याला बैलाच्या दातांचं कौतुक सांगत होता.

भिकुबाई आत जाता जाता म्हणाली, "आयका का, याले परत करा."

"काब्र?" नानानं कारण विचारलं.

"घाबरेल बैल पळस. हाऊ खाले बठस. त्याना गुडघाबी दखा, केस उडी गयात."

"तुले बैलमातलं काय समजस?"

"बैलमातलं नही समजत. घाबरेल जीव समजस."

नाना हसला. शेजारीही हसला. बाजारात बैल पारखायला बाई कधी गेली होती का? आणि खरं सांगायचं तर शेतात कबऱ्यानं असं काम केलं की बघत राहावं. वखर म्हणू नका, कोळपं म्हणू नका. शेत म्हणजे शांत जागा, तिथं कोण झाकणं पाडतंय? रोज संध्याकाळी नाना घरात येताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "बठना नही बा आजबी!" भिकुबाई चुलीत काटकी सारायची. एवढंच.

पोळ्याच्या सकाळी ती पुन्हा बोलली. खापरावर पुरणपोळी टाकता टाकता, पाठमोरी. "आज सोन्याले पुढे घ्या. म्हातारा शे, पन वेस त्याना पायखालनी शे. कबऱ्याले मांगे ऱ्हाऊ द्या."

"नवा बैल घरमा, आनी तोरणखाले म्हातारा? लोक काय म्हनतीन?"

आता लोक काय म्हणत होते ते ऐका. त्या वर्षी पोरांनी शिरपूरहून बँड आणला होता. मोठा ढोल, दोन पिपाण्या, एक झांजवाला. नानाची जोडी तोरणाखाली आली, ढोलावर पहिली टिपरी पडली, आणि कबऱ्या बसला.

"शेपटी पिरगाळा!" शेपटी पिरगाळली. "गूळ द्या!" गूळ खाल्ला, चाटला, बसला. "कानात फुका!" कान हलवला, बसला. मागच्या बैलांची शिंगं एकमेकांत अडकायला लागली. एका बैलाची झूल दुसऱ्यानं खाल्ली. छगन, शेजारच्या आळीतला जवान गडी, भिंतीवर चढून ओरडला, "नाना, उपरनं टाका ना त्याना खुरवर, बोट दाबा!" सारी वेस हसली.

नाना बँडवाल्यांना हात जोडत होता, थांबा म्हणत होता. त्यांना वाटलं, नाना खूश झालाय. त्यांनी आणखी जोर केला.

नानाला ते झाकण आठवलं. खणखणखण. ओट्यावरून घरंगळलेलं. आता आठवून काय उपयोग? कासरा सोडावा तर मान गेला, धरावा तर अब्रू चाललीच होती. माणूस एवढ्या गर्दीत एवढा एकटा मी दुसरा पाहिला नाही.

भिकुबाईचं ते बोलणं शेजाऱ्यानं हसत हसत गावभर केलेलं होतं. तोताराम आबा, गावातले सर्वांत म्हातारे, काठी टेकत पुढे आले. "लोटन, भिकुबाईले बलाव."

नानानं ऐकलं नाही असं दाखवलं. मग ऐकलं. छगनच धावत गेला.

भिकुबाई आली. कोपरापर्यंत हात पुरणाचे. तिला बघून ढोलवालाही थांबला. सगळं गाव टाचा उंचावून उभं, की आता ही बाई काहीतरी करील. नानाच्या डोळ्यांत तर असा भाव, की हात लाव फक्त. तिनं कबऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. तो थरथरत होता. ती हलक्या आवाजात म्हणाली, "हाऊ बठस, एवढंच मले समजस. उठाडानं मले कोठे येस?"

आणि पोळ्या जळतील म्हणून गेली.

त्या वर्षी तोरण कुणीच ओलांडलं नाही. बाकीच्यांनी जनावरं पांदीच्या वाटेनं, उकिरड्याच्या बाजूनं गावात घेतली. ढोलही त्यांच्या मागून गेला. वेस सामसूम झाली तसा कबऱ्या आपला आपण उठला, अंग झाडलं आणि घराकडे निघाला. पुढे बैल, मागे नाना.

दारात भिकुबाईनं आरती ओवाळली. मोत्याला पोळी, सोन्याला पोळी, कबऱ्यालाही तेवढीच. 'सांगितलं होतं' हे दारात ती म्हणाली नाही, दुसऱ्या दिवशी म्हणाली नाही, कधीच म्हणाली नाही. नाना वाट बघायचा. एकदा तिनं म्हणून टाकलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं! कबऱ्याला विकावं तर त्याचं बसणं सांगावं लागणार, आणि न सांगता विकावं तर ती बसली होती समोर. मग तो राहिला. शांत शेतात राबला, आणि पोळ्याला घरात बांधलेला राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात हाच छगन नानाच्या ओट्यावर येऊन बसला. मान खाली घालून म्हणाला, "नाना, मले बैल लेवाना शे. बाजारमा चालतस का?"

नानानं आत चुलीकडे एकवार बघितलं, उपरणं खांद्यावर नीट केलं आणि म्हणाला, "येस ना भाऊ, दात दखसू, खूर दखसू, समदं दखसू. पन मी बोट दाबं म्हनजे सौदा पक्का असं समजू नको. मुदत माग, बैल आठे आन आनी या ओटापुढे उभा कर. ती काहीच नही बोलनी तर बैल तुना. ती बोलनी तर मन्हं आयकू नको, तसाच फिराई दे."