बिनपायाचा बाक

तिला सगळे वाकडी म्हणत. तशी ती स्वतः ताठ होती, नाकासमोर चालणारी. पण तिच्या हातून सरळ वस्तू म्हणून बाहेर पडत नसे. तिची खुर्ची मान वळवून मागं बघणाऱ्या पक्ष्यासारखी दिसायची. टेबलाचा पाय जमिनीतून मुळासारखा पिळवटत वर यायचा आणि वर आल्यावर कुठं त्याचं टेबल व्हायचं. बघायला आलेली माणसं आधी भोवती एक चक्कर मारत, मग दबक्या आवाजात विचारत, "यावर बसायचं असतं का?"

"मग तीन महिने मी कशाला मेले?" ती म्हणायची. "बसा की!"

तिचे वडील सुतार. चाळीस वर्षं त्यांनी दारं, खिडक्या, कपाटं केली. गुण्या लावून काटकोन बघितल्याशिवाय हा माणूस टॉवेलसुद्धा वाळत घालत नाही, असं तिची आई म्हणायची. आई गेल्यावर घरात दोघंच उरली. पुढं कारखाना, मागं दोन खोल्या. लेकीच्या वाकड्या कामावर बाबा रोज नाक मुरडायचे, आणि कुणी बाहेरचा त्याला हसला की त्याच्या अंगावर धावून जायचे.

दोनेक वर्षांपासून त्यांची नजर धूसर झाली होती. ते कबूल करायला तयार नव्हते. "दिवेच हल्ली मंद येतात," असं म्हणायचे. करवत चालवणं सुटलं तसे ते गप्प गप्प राहायला लागले, जेवता जेवता मध्येच उठायला लागले. ते तिला बघवेना. म्हणून तिनं त्यांना ग्लू कालवायचं काम दिलं. दोन डबे, एक काचेचं माप, मापावर रेघा. मोठ्या डब्यातला दोन भाग, छोट्या डब्यातला एक भाग, की नीट घोटायचं. बाबा पुन्हा सकाळी दाढी करून कारखान्यात येऊ लागले.

त्याच सुमारास तिला एका प्रसूतिगृहातून काम आलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना बाहेरच्या दालनासाठी बाक हवा होता, पण दवाखान्यातला वाटू नये असा. तिनं फिकट रंगाच्या लवचीक लाकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या, एकावर एक चिकटवल्या, साच्यावर वाकवून शिकंज्यांत आवळल्या. बाक एका टोकाला जड दगडात रोवलेला होता. तिथून तो वर उचलला जायचा, वळायचा आणि सात फूट अधांतरी पुढं जायचा. दुसऱ्या टोकाला पायच नव्हता. नेऊन बसवला त्या दिवशी तिथल्या आयाबाई हसल्या, "याचा पाय कारखान्यातच राहिला वाटतं!"

प्रत्येक खेपेच्या ग्लूनं ती दोन तुकडे चिकटवून ठेवायची आणि पंधरा दिवसांनी तपासायची. त्यावर पेन्सिलीनं लिहायची, कुठली वस्तू, कितवी खेप, ग्लू कुणी कालवला. बाक बसवून आठवडा झाला असेल, त्या सकाळी तिनं बाकाच्या शेवटच्या खेपेचा तुकडा फळीवरून काढला. कडेला ग्लूचा ओघळ होता. एव्हाना तो काचेसारखा कडक व्हायला हवा होता. तिनं सहज नख लावलं.

नख आत गेलं.

तिनं दुसरीकडे लावलं. तिथंही गेलं. दोन्ही हातांनी पिळला तर तुकडा आवाज न करता, ओल्या पुठ्ठ्यासारखा, सुटून दोन झाला. छोट्या डब्यातला भाग कमी पडला होता. असा ग्लू वाळत नाही, नुसता धरून राहतो आणि वजन पडेल तसा रोज थोडा थोडा सरकतो. ही शेवटची खेप दगडाजवळच्या वळणाची होती. सगळा बाक त्या वळणावर तोललेला होता.

तुकड्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'बाबा'.

बाबा चार हातांवर पटाशीला धार लावत बसले होते. तिनं अंगठ्यानं घासून ते नाव पुसलं. फोन लावला. प्रसूतिगृहाचा फोन व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा आकडेच चुकले.

"मी जरा बाकाला तेलाचा हात देऊन येते," ती म्हणाली.

"मीही येतो."

"तुम्ही कशाला, बाबा?"

"घरात बसून काय करू? अजून ती जागाही बघितली नाही मी."

नाही म्हणायला तिला कारण सापडेना. भाड्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी दोघं बसली. ती प्रत्येक सिग्नलला फोन लावत होती, तो व्यस्तच लागत होता. तिच्या डोळ्यांसमोर तो बाक येत होता, रिकामा नव्हे, भरलेला. बायका चहा घेऊन बसल्यात, कुणी पोटावर हात ठेवून मागं रेलली आहे. एरवी गाडीत रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाच्या दाराला नावं ठेवणारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होता.

दालन खच्चून भरलेलं होतं. बाकावर चौघीजणी होत्या. दगडाजवळ दोघी, मग एक म्हातारी सासूबाई, आणि अगदी टोकाला तिची सून, नऊ महिने भरलेली, पाय पसरून. दारातूनच वाकडीला दिसलं, टोक चार बोटं खाली आलंय.

ओरडावं असं तिला वाटलं आणि तिनं ओठ दाबून धरले. ओरडलं तर सगळ्या एकदम उठतील. दगडाकडच्या दोघी आधी उठल्या तर बाक उसळेल, टोकाची खाली पडेल. ती चालत पुढं गेली. चालत, कारण पळायलाही ती घाबरत होती. टोकाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि पाठ वाकवून खांदा बाकाखाली घातला.

"ताई, घाबरू नका. हलू पण नका."

"अगं बाई, काय आहे खाली? पाल आहे का?" सूनबाईंचा आवाज चिरकला.

"पाल नाही. बाक जरा कमजोर झालाय. बाकी कुणी उठायचं नाही, प्लीज. बाबा, यांना हात द्या. आधी या उठतील."

बाबांनी चाचपडत पुढं होऊन हात धरला. "उठ पोरी. घाई नाही. माझ्यावर भार टाक."

सूनबाईंनी वजन पुढं घेतलं, आणि त्या निम्म्या उठल्या असतील नसतील तोच वळणाकडून आवाज आला. कट्ट. मग एक लांब, चिकट, फाटल्यासारखा आवाज. सगळा बाक वाकडीच्या खांद्यावर आला. तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. सासूबाई किंचाळल्या, दगडाकडच्या दोघी एकमेकींना धरून गोठल्या. तेवढ्यात तिच्या शेजारी कुणीतरी धपकन गुडघे टेकले. बाबा. सूनबाईंना बाजूला उभं करून त्यांनी आपला खांदा लावला.

"आता सासूबाई," ते म्हणाले. "मग तुम्ही दोघी. एकेक."

एकेक करून सगळ्या उतरल्या. दोघांनी बाक जमिनीवर टेकवला. सूनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. एका आयाबाईनं त्यांना आत नेलं. बाबा सरपटत वळणापाशी गेले आणि सुटलेल्या पट्ट्यांमध्ये त्यांनी बोटं घातली. बोटं बाहेर काढून एकमेकांवर चोळली.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "काय झालं हे? कुणाची चूक आहे?"

"माझी," वाकडी म्हणाली. "ग्लूचं माप..."

"तिची नाही," बाबा खालूनच म्हणाले. "ग्लू मी कालवला. मापावरच्या रेघा मला दिसत नाहीत. मी अंदाजानं ओतला."

वाकडी त्यांच्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?" वाकडीनं विचारलं.

"ओतला तेव्हाच वाटलं, कमी पडला. पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या. रोज म्हणायचो, आज सांगतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हेही काम काढून घेशील म्हणून."

परत येताना टेम्पोत बाक मागं आडवा बांधलेला होता, तिचा हात गळ्यात अडकवलेला होता. वाटेत एकदा बाबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिनं उचलून बाजूला केला. आपल्याला राग जास्त आलाय की धडकी जास्त भरलीय, हे तिला कळत नव्हतं. नाव पुसून टाकलेला तो तुकडा अजून तिच्या खिशात होता.

खांद्याच्या हाडाला बारीक चीर गेली होती. सहा आठवडे काम बंद राहिलं. सूनबाईंना पाच दिवसांनी मुलगी झाली. त्या पाच दिवसांत वाकडीनं प्रसूतिगृहात इतक्यांदा फोन केला की तिथली बाई आवाज ऐकूनच "सगळं ठीक आहे" म्हणायला लागली. डॉक्टरीणबाई चांगल्या वागल्या, पण नवा बाक त्यांनी घेतला नाही. "तुम्ही वेळेवर आलात हे मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मला तिथं पुन्हा कुणी त्यावर बसलेलं बघवणार नाही." दालनात आता साध्या चौपायी खुर्च्या आहेत.

बाबांशी ती आठवडाभर कामापुरतं बोलली. आठव्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जायचं?" ती अंघोळीचं पाणी काढत होती. तांब्या तसाच ठेवून तिनं चपला घातल्या. एकेक करून दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर बाबा कारखान्यात आले, कोपऱ्यातल्या खुर्चीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इतकं वाकडं आहे हे? मला वाटायचं, माझ्या डोळ्यांमुळे दिसतंय." ती खूप दिवसांनी हसली.

ग्लू आता ती वजनकाट्यावर मोजते. बाबा समोर बसून आकडा मोठ्यानं वाचतात, तरी ती स्वतः पुन्हा बघते. कुठलीही वस्तू वाळूची पोती ठेवून चाळीस दिवस झाल्याशिवाय बाहेर जात नाही. तिच्या कामाचं लोक कौतुक करतात, प्रदर्शनात रांग लावून बघतात. पण कुणी तिच्या खुर्चीवर बसायला वाकलं की ती बोलता बोलता थांबते. समोरचा काय विचारतोय ते तिला ऐकू येत नाही. माणूस पूर्ण टेकेपर्यंत ती श्वास रोखून लाकडाकडे कान लावून उभी असते.