गेला ना आवाज?

मिस्त्रींकडे गाडी नेली की आधी आपल्याला ओरडावं लागे. "गाडी आवाज करते" एवढ्यावर भागत नसे. "कसा करते? काढून दाखवा," म्हणत ते फडक्याला हात पुसत समोर उभे राहत. डोंबिवली स्टेशनच्या मागे असलेल्या त्या गॅरेजात मी बँकेच्या एका बड्या साहेबांना टायसकट मान वर करून "कुईंईं" करताना पाहिलं आहे. त्यांच्या हाताखालच्या माणसांनी ते एकदा पाहिलं असतं तर बँकेचं भलंच झालं असतं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पहिल्या खेपेला मी "कर्कश" असं म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "बाई, शब्द नको. आवाज काढा."

मीही काढला.

त्यांचं नाव बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. जवळच्या भोपर गावचे आगरी, एवढं कळलेलं होतं. गॅरेजला पाटी नव्हती. कुणीतरी सुचवलं तेव्हा म्हणाले, "पाटी बघून येणारा माणूस पाटी बघूनच जातो." याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण हे बोलताना ते इतके निर्धास्त दिसले की मी विचारलं नाही.

इंजिनाच्या पुढच्या बाजूला जो रबरी पट्टा फिरतो, तो किंचाळायला लागला की बाकीचे मेकॅनिक सरळ पट्टा बदलत. मिस्त्रींना हे आवडत नसे. "मूल रडतं म्हणून मूल बदलता का?" ते न्हाव्याकडे असते तशी पाण्याची बाटली घेत आणि फिरत्या पट्ट्यावर एक फवारा मारत. आवाज क्षणभर गप होऊन परत आला, तर पट्टा ज्या चाकांवरून फिरतो त्यातली एखादी पुली वाकडी बसली आहे. वाढला, तर पट्टा सैल आहे. काहीच फरक पडला नाही, तर पट्टा बिचारा निर्दोष, आतलं कुठलं तरी बेअरिंग गेलंय. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटत. बाजारात पट्ट्यावर मारायचं एक औषधही मिळतं. त्याबद्दल ते म्हणत, "त्यानं पट्टा गप बसतो. बरा होत नाय."

हळूहळू गॅरेजात गाड्या कमी दिसायला लागल्या. मिस्त्रींचं त्यावर एकच म्हणणं होतं, "हल्ली गाड्या चांगल्या निघतात." हे ते मनापासून म्हणत. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रींना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. बोललेलं कळे, हॉर्न कळे, पट्ट्याची किंचाळी मात्र पोचत नसे. आमच्या डोंबिवलीत वडीलधाऱ्याला त्याची चूक दाखवत नाहीत. गॅरेज बदलतात, आणि लग्नात भेट झाली की "यायचंय हो एकदा तुमच्याकडे" असं म्हणतात.

मी गॅरेज बदललं नाही. यात मोठेपणा नव्हता, कंटाळा होता.

दोन वर्षांपूर्वी माझी गाडी सकाळी चालू करताच ओरडायला लागली. मिस्त्रींनी पाण्याचा फवारा मारला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते पट्ट्याकडे बघतच नव्हते. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. आवाज वाढला की माणसाच्या कपाळाला आठी पडते, थांबला की जाते. तेवढ्यावर त्यांचं निदान चाललं होतं. आवाज होता तसाच होता. मी चेहरा शांत ठेवला. पाहुण्यांसमोर खारट आमटी खाताना ठेवतात तसा.

त्यांनी पट्टा थोडा ताणून बसवला. "गेला ना आवाज?"

"गेला," मी म्हणाले. गाडी किंचाळत होती.

महिनाभरानं आईला टिटवाळ्याच्या गणपतीला नेत होते. शहाडच्या पुढे स्टीअरिंग एकदम जड झालं, बॅटरीचा लाल दिवा लागला. पट्टा तुटला होता. आईला एका रसवंतीच्या बाकड्यावर बसवून मी मिस्त्रींना फोन केला. ते रिक्षानं आले. तुटका पट्टा त्यांनी बाजूला टाकला आणि एकेक पुली बोटानं फिरवून पाहिली. एक पुली खरखरत अडली. तिच्यावर त्यांनी बोट तसंच ठेवलं.

"ही महिनाभर तरी ओरडत असणार."

"हो."

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

आई बाकड्यावरून म्हणाली, "मलाही येत होतं हो. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

मिस्त्रींनी तुटका पट्टा उचलून हातात घेतला. मग विचारलं, "असं किती जणांना वाटलं?"

कल्याणहून सामान आणून त्यांनी पुली आणि पट्टा बदलला. आम्ही देवळात पोचलो तेव्हा दर्शन बंद झालं होतं. आई म्हणाली, "बाहेरूनच नमस्कार करू." केला.

पुढच्या रविवारी मिस्त्री आमच्या घरी आले. पांढरा सदरा, केस विंचरलेले. मी चहा ठेवायला उठले तर हातानं थांबवलं.

"सकाळपासून सात घरं झाली. जुनी गिऱ्हाइकं. सगळ्यांना एकच विचारलं, माझ्याकडे येणं का सोडलं? म्हणाले, छे हो मिस्त्री, गाडीच फार चालत नाय. सगळ्यांनी चहा पाजला." ते खुर्चीत पुढे सरकले. "तुम्ही मास्तरीणबाई. तुम्ही सांगा."

तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल शाईनं फुल्या मारल्या. एकदाही हात अडखळला नव्हता.

"तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाही, मिस्त्री."

"कधीपासून?"

"तीन वर्षं तरी झाली असतील."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. गाड्या असाव्यात, किंवा माणसं. त्या महिन्याअखेरीला त्यांनी गॅरेज बंद केलं आणि ते भोपरला घरीच राहू लागले. त्या दिवशी मात्र ते मान हलवून खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"आता ठेवा चहा," ते म्हणाले.