आलापाच्या मध्येच

शास्त्रीय संगीत नव्या प्रेक्षकांपर्यंत न्यायचं म्हणून आमच्या वाहिनीवर एक कार्यक्रम सुरू झाला, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. त्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक गायिका पूरिया राग गात होत्या. चार मिनिटं नुसता आलापच चालला होता. बघणाऱ्यांना कंटाळा येईल या धास्तीने मी त्यांना थांबवलं आणि हसत म्हणालो, "ताई, तान म्हणजे क्रिकेटमधला षटकारच ना? एखादा मारून दाखवा की."

त्यांनी मिटलेले डोळे उघडले, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे एक तान घेतली. टाळ्या पडल्या.

चित्रीकरण संपल्यावर स्टुडिओची साफसफाई करणाऱ्या शांताबाई माझ्याजवळ आल्या. "साहेब, त्यांना मधेच का थांबवलं?"

"लोकांना कळत नाही ना ते."

"मलाबी नाय कळत. पण बादली खाली ठेवून दाराशी ऐकत उभी होते. बरं वाटत होतं."

ज्यांच्यासाठी मी गाणं सोपं करत होतो, त्या दहा पावलांवर उभ्या होत्या, आणि मीच त्यांना ऐकू दिलं नव्हतं. ताईंना फोन करून माफी मागावी, असं अनेकदा वाटतं. अजून धीर झालेला नाही.